मोटार सुरू झाली की सेन्सर भरकटतो: वायरिंगमधला दोष कसा शोधायचा

विद्यार्थ्यांच्या रोबोंमध्ये एक तक्रार पुन्हा पुन्हा येते. सेन्सर एकटा जोडून तपासला की अचूक आकडे देतो. तोच रोबोवर बसवून मोटारी सुरू केल्या की अंतर अचानक शून्य दिसतं, लाइन सेन्सर पांढऱ्या पृष्ठभागावर काळं सांगतो, जायरोचे (वळण मोजणाऱ्या सेन्सरचे) आकडे गोठतात, नाहीतर आर्डुइनो (रोबो चालवणारा छोटा नियंत्रक बोर्ड) मधूनच पहिल्यापासून सुरू होतो. यूएसबी केबल लावलेली असताना सगळं सुरळीत, बॅटरीवर टाकलं की गोंधळ. मग कोड बदलला जातो, लायब्ररी बदलली जाते, नवा सेन्सर आणला जातो, आणि तक्रार जिथल्या तिथे राहते.

माझं स्पष्ट मत आहे की अशा वेळी कोड आणि सेन्सर या दोघांनाही बाजूला ठेवावं आणि आधी सप्लाय व ग्राउंड (बॅटरीच्या वजा टोकाशी जोडलेली समाईक तार) तपासावेत. सेन्सरचं कुठलंही वाचन हे दोन तारांमधलं असतं. सिग्नलची तार सगळे जपून लावतात, नकाशात बघून, रंग ठरवून. ग्राउंडची काळी तार मात्र जिथे मोकळं भोक दिसेल तिथे खोचली जाते. पण आर्डुइनो जे व्होल्टेज मोजतो ते ग्राउंडच्या सापेक्ष मोजतो. जमीनच वर-खाली होत असेल तर तिच्यावर पट्टी टेकवून घेतलेल्या उंचीला काही अर्थ राहत नाही. म्हणजे ग्राउंडची तार ही अर्धं वाचन आहे, आणि ती तशीच जपून जोडली पाहिजे.

पुढचं सगळं आर्डुइनो उनो धरून लिहिलं आहे. ईएसपी३२ हा ३.३ व्होल्टचा बोर्ड वापरणाऱ्यांसाठी जिथे वेगळं आहे तिथे तसं सांगितलं आहे.

दोष कोणत्या बाजूचा ते आधी ठरवा

रोबो एखाद्या डब्यावर किंवा ठोकळ्यावर ठेवा, म्हणजे चाकं अधांतरी राहतील. मोटार ड्रायव्हरकडून (आर्डुइनोच्या इशाऱ्यावर मोटारींना करंट देणाऱ्या मॉड्यूलकडून) मोटारींकडे जाणाऱ्या तारा काढून ठेवा, बाकी सगळं जसंच्या तसं ठेवा. कोडही तोच. आता सेन्सरचे आकडे सीरियल मॉनिटरवर (संगणकावर आर्डुइनोचे आकडे दाखवणाऱ्या खिडकीत) दोन-तीन मिनिटं बघत राहा आणि हाताने अंतर किंवा पट्टी बदलून बघा.

आकडे इथेही उड्या मारत असतील तर मोटारींचा काही संबंध नाही. दोष जोडणीचा आहे: सैल तार, चुकीची पिन, लटकती पिन किंवा व्होल्टेजचा मेळ नसणं. आकडे स्थिर असतील आणि मोटारींच्या तारा परत लावल्यावरच बिघडत असतील, तर दोष करंटचा आहे. या दोन दोषांचे उपाय पूर्ण वेगळे आहेत. ही एक चाचणी न करता थेट दुरुस्तीला लागलं की चुकीच्या ठिकाणी तासन्‌तास जातात.

यापुढे एक पथ्य पाळा: एका वेळी एकच बदल. तार बदलली, कपॅसिटर लावला आणि कोडमधला डिले वाढवला, असं तिन्ही एकदम केलं आणि रोबो चालला, तर नेमकं काय बरं झालं हे कळत नाही. बिघाड परत आला की शोध पुन्हा पहिल्यापासून.

मोटारींशिवायही आकडे बिघडत असतील तर

ब्रेडबोर्डपासून (सोल्डर न करता तारा खोचायच्या भोकांच्या पाटीपासून) सुरुवात करा. काही मोठ्या ब्रेडबोर्डांवर कडेच्या लाल-निळ्या सप्लाय पट्ट्या मधोमध तुटलेल्या असतात. वरच्या अर्ध्या भागात पाच व्होल्ट दिले आणि सेन्सर खालच्या अर्ध्या भागात खोचला, तर त्याला सप्लाय मिळतच नाही. रंगीत रेघ मधे खंडित दिसत असेल तर ती खूण आहे. नसेल तरी मल्टिमीटर कंटिन्युइटीवर ठेवून पट्टीच्या दोन टोकांना प्रोब लावा आणि बीप ऐका. सप्लाय काढूनच, हे सांगायला नको.

गंमत म्हणजे ग्राउंड किंवा सप्लाय मिळत नसतानाही काही मॉड्यूलवरचा दिवा मंद पेटतो. सिग्नल पिनेतून चोरट्या वाटेने थोडा करंट आत शिरतो आणि तेवढ्यावर दिवा लागतो. त्यामुळे 'दिवा लागलाय म्हणजे सप्लाय ठीक' हा निष्कर्ष काढू नका. मल्टिमीटरचे प्रोब सेन्सरच्याच पिनांवर टेकवून व्होल्टेज वाचा. आर्डुइनोच्या पाच व्होल्टच्या पिनेवर काय आहे याला इथे महत्त्व नाही, सेन्सरपर्यंत काय पोहोचतंय ते बघायचं आहे.

जम्पर वायरींचं दुखणं बाहेरून दिसत नाही. काळ्या प्लॅस्टिकच्या टोपीत तार पिनेला फक्त दाबून बसवलेली असते. ती थोडी ओढली गेली की आतल्या आत सुटते आणि टोपी जागच्या जागी राहते. तार हलवली की जोडली जाते, सोडली की तुटते. अशी तार सापडली की ती लगेच कापून टाका. परत डब्यात ठेवलेली खराब तार पुढच्या प्रोजेक्टमध्ये हमखास हाती लागते.

पिनांच्या बाबतीत उनोवर दोन ठिकाणी फसायला होतं. ० आणि १ या पिना यूएसबीवरच्या सीरियल संवादासाठी वापरल्या जातात. तिथे सेन्सर जोडला तर प्रोग्रॅम अपलोड होताना अडतो किंवा मॉनिटरवर कचरा दिसतो. आणि ए४, ए५ या पिना म्हणजेच आय-टू-सी च्या (अनेक सेन्सर दोनच तारांवर जोडण्याच्या पद्धतीच्या) एसडीए, एससीएल, म्हणजे डेटा आणि घड्याळाच्या तारा. जायरो आय-टू-सी वर जोडून ए४ वर लाइन सेन्सरही लावला तर दोन्ही बिघडतात.

लटकती पिन हा प्रकार बटण आणि लिमिट स्विचच्या जोडणीत सर्रास आढळतो. स्विच उघडा असताना पिन कशालाच जोडलेली नसते, मग ती आसपासच्या तारांमधला गोंगाट उचलते आणि मनाला येईल ते वाचते. हात जवळ नेला की वाचन बदलतं, ही तिची ओळख. पिन कोडमध्ये इनपुट पुलअप (आतल्या रेझिस्टरने सप्लायकडे खेचलेली) म्हणून जाहीर करा आणि स्विचचं दुसरं टोक ग्राउंडला द्या. आतला पुलअप रेझिस्टर २० ते ५० किलोओहमचा असतो, छोट्या तारांना तो पुरतो. स्विच लांब असेल आणि तार मोटारींजवळून जात असेल तर बाहेरून ४.७ किंवा १० किलोओहमचा लावा. ईएसपी३२ वर ३४, ३५, ३६ आणि ३९ या पिना फक्त इनपुट आहेत आणि त्यांना आतला पुलअप नाहीच, तिथे बाहेरचा रेझिस्टर लावल्याशिवाय गत्यंतर नाही.

मोटारींबरोबरच बिघडत असेल तर

इथे थोडं थांबून समजून घेण्यासारखं आहे, कारण विद्यार्थ्यांचे निम्म्याहून अधिक तास याच दोषामागे जातात असं मला वाटतं.

डीसी मोटार फिरत असताना ती स्वतःच एक उलट व्होल्टेज तयार करते आणि त्यामुळे तिचा करंट मर्यादित राहतो. थांबलेल्या मोटारीत हे उलट व्होल्टेज नसतं. सुरू होण्याच्या क्षणी करंटला अडवायला फक्त गुंडाळीचा रोध असतो, म्हणून त्या क्षणी मोटार अडकल्यावर घेते तेवढा, म्हणजे चालू करंटच्या कितीतरी पट करंट ओढते. चार चाकं एकदम सुरू केली की हा झटका चौपट. दिशा उलटी केली तर त्याहून जास्त, कारण तेव्हा मोटारीचं उलट व्होल्टेज बॅटरीच्या बाजूने काम करतं. रोबो अडथळा बघून मागे फिरतो नेमका त्याच वेळी सेन्सर वेडावतो, त्याचं कारण हे आहे.

आता हा करंट परत बॅटरीकडे कोणत्या वाटेने जातो ते बघा. ग्राउंडच्या तारेने. समजा मोटार ड्रायव्हर आणि सेन्सर या दोघांचे ग्राउंड ब्रेडबोर्डच्या एकाच पट्टीत आहेत आणि तिथून एक बारीक जम्पर बॅटरीकडे गेली आहे. तार आणि टोकांचे संपर्क मिळून ०.१ ओहम रोध धरला, तर २ ॲम्पिअरच्या झटक्याला त्या तारेवर ०.२ व्होल्ट पडतात. सेन्सरच्या पायाखालची जमीन तेवढी वर उचलली जाते. उनो ५ व्होल्टचे १०२४ भाग करतो, म्हणजे ०.२ व्होल्ट हे सुमारे ४१ अंकांचं अंतर झालं. लाइन सेन्सरचा काळ्या-पांढऱ्यातला उंबरठा काठावर ठरवला असेल तर एवढं त्याला पुरेसं आहे.

हे मोजता येतं आणि मोजायलाच हवं. मल्टिमीटर डीसी मिलिव्होल्टवर ठेवा. एक प्रोब आर्डुइनोच्या ग्राउंड पिनेवर, दुसरा सेन्सरच्या ग्राउंड पिनेवर. मोटारी बंद असताना जवळजवळ शून्य दिसेल. मोटारी सुरू करा आणि चाक कापडाने किंचित अडवा, क्षणभरच. आकडा काही मिलिव्होल्टच्या वर जाऊन दहा-वीस-शंभरकडे सरकत असेल तर दोष सापडला. मग बॅटरीच्या वजा टोकापासून एक-एक जोडणी मोजत पुढे या. ज्या जोडणीवर मिलिव्होल्ट एकदम वाढतात, तीच बदलायची.

दुरुस्ती सोपी आहे. सगळे ग्राउंड एकाच ठिकाणी आणा, शक्यतो मोटार ड्रायव्हरच्या ग्राउंड टर्मिनलवर. तिथून बॅटरीकडे एक जाड तार, आर्डुइनोकडे एक वेगळी तार. सेन्सरचे ग्राउंड आर्डुइनोच्या ग्राउंड पिनेला. म्हणजे मोटारींचा करंट सेन्सरच्या तारेतून जाणारच नाही. मोटारींच्या करंटला ब्रेडबोर्डातून कधीच जाऊ देऊ नका. ब्रेडबोर्डाच्या स्प्रिंगी सिग्नलसाठी आहेत, ॲम्पिअरभर करंट सतत गेला की त्या तापतात आणि त्यांची पकड कायमची सैल होते.

बॅटरी आणि रेग्युलेटर

नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी रोबोच्या मोटारींसाठी वापरू नका. तिचा अंतर्गत रोध एक-दोन ओहमच्या घरात असतो. दोन ॲम्पिअर मागितले की बॅटरीच्या आतच दोन ते चार व्होल्ट पडतात. उनोच्या गोल सॉकेटला निदान ७ व्होल्ट लागतात, कारण मधला डायोड आणि रेग्युलेटर आपापला वाटा घेतात. इनपुट त्याखाली गेलं की पाच व्होल्टची लाइनही खाली येते. बॅटरी नुसती मोजली तर ती छान नऊ व्होल्ट दाखवते, म्हणून संशय येत नाही. बॅटरी नेहमी मोटारी चालू असताना मोजा.

'आर्डुइनो रीसेट होत नाही, म्हणजे सप्लाय चांगला आहे' हा युक्तिवादही टिकत नाही. उनोचं ब्राउन-आउट संरक्षण (सप्लाय फार घसरला की रीसेट करणारी सोय) साधारण २.७ व्होल्टला जागं होतं. पाच आणि २.७ च्या मधल्या पट्ट्यात प्रोसेसर कसाबसा चालत राहतो, सेन्सर मात्र केव्हाच वाट चुकलेला असतो. पाच व्होल्टवर चालणारा एचसी-एसआर०४ हा आवाजाच्या प्रतिध्वनीने अंतर मोजणारा सेन्सर चार व्होल्टवर काय उत्तर देईल याचा भरवसा नाही.

ॲनालॉग सेन्सरच्या बाबतीत याहून सूक्ष्म घोटाळा होतो. उनो ॲनालॉग वाचताना स्वतःच्या सप्लायलाच मोजपट्टी धरतो. शार्पच्या इन्फ्रारेड अंतर सेन्सरने १ व्होल्ट दिलं, तर पाच व्होल्ट सप्लायला सुमारे २०५ हा आकडा येतो. सप्लाय साडेचारवर घसरला तर त्याच १ व्होल्टचे २२७ होतात. या सेन्सरमध्ये आकडा मोठा म्हणजे वस्तू जवळ. म्हणून मोटारी सुरू होताच रोबोला समोर नसलेली भिंत दिसते आणि तो थांबतो. थांबला की सप्लाय सावरतो, भिंत नाहीशी होते, रोबो पुन्हा निघतो. असा झटके देत चालणारा रोबो दिसला की पाच व्होल्टची लाइन तपासा. पोटेन्शिओमीटर किंवा एलडीआरची जोडी यात फसत नाही, कारण तिथे सेन्सरचं व्होल्टेजही सप्लायबरोबर त्याच प्रमाणात घसरतं.

साधा मल्टिमीटर काही मिलिसेकंदांची घसरण दाखवू शकत नाही. त्यासाठी उनोलाच कामाला लावता येतं. त्याच्या आत १.१ व्होल्टचा स्थिर संदर्भ आहे. सप्लायला मोजपट्टी धरून तो संदर्भ वाचला की उलट गणिताने सप्लाय कळतो. वाचन २२५ आलं तर सप्लाय पाच व्होल्टच्या आसपास, २५० आलं तर साडेचारवर. प्रत्येक चिपमध्ये हा संदर्भ थोडा वेगळा असतो, म्हणून आकड्यापेक्षा मोटार सुरू होताना तो किती उडी मारतो तिकडे लक्ष द्या. आजवरचा सर्वांत मोठा आकडा साठवून ठेवायचा आणि रोबो थांबल्यावर छापायचा. सप्लाय किती खोल गेला होता त्याचा हा पुरावा.

दोष सप्लायचा की ग्राउंडचा हे वेगळं करायचं असेल, तर आर्डुइनो काही वेळ पॉवर बँकेवर चालवा आणि मोटारी त्यांच्याच बॅटरीवर ठेवा. दोन्हींचे ग्राउंड जोडलेले हवेत, धन टोकं मात्र एकमेकांना अजिबात जोडू नका. या व्यवस्थेत दोष गेला तर सप्लाय घसरत होता. राहिला तर ग्राउंडची वाट किंवा मोटारींचा गोंगाट. इथे पुष्कळजण ग्राउंड जोडायचंच विसरतात, 'दोन सप्लाय वेगळे ठेवायचे आहेत' म्हणून. मग ड्रायव्हरला आर्डुइनोचे सिग्नल कळत नाहीत आणि नवीच भानगड उभी राहते.

एल२९८एन ड्रायव्हरच्या मॉड्यूलवर पाच व्होल्टचं एक टर्मिनल असतं. जवळचा जम्पर (दोन पिना जोडणारी छोटी टोपी) लावलेला असला की ते आउटपुट असतं, जम्पर काढला की तिथे बाहेरून पाच व्होल्ट द्यावे लागतात. मोटारींचा सप्लाय १२ व्होल्टच्या वर असेल तर जम्पर काढाच. त्या टर्मिनलवरून आर्डुइनो, सर्व्हो (दिलेल्या कोनात वळणारी मोटार) आणि सगळे सेन्सर चालवायचा मोह होतो, पण तिथला रेग्युलेटर छोटा आहे. बारा व्होल्ट आत, पाच बाहेर आणि ३०० मिलिॲम्पिअर करंट, म्हणजे २ वॅटहून जास्त नुसती उष्णता. बोट टेकवून बघा, पण जपून. तापलेला रेग्युलेटर स्वतःला वाचवायला सप्लाय तोडतो, थंड झाला की परत देतो. काही मिनिटं चालून बंद पडणारा आणि थोडा आराम दिला की पुन्हा चालणारा रोबो असा तयार होतो. यूएसबीवरही असंच होऊ शकतं: उनोच्या यूएसबी लाइनवर ५०० मिलिॲम्पिअरचा आपोआप सावरणारा फ्यूज आहे, अडकलेला सर्व्हो तो सहज उडवतो.

सर्व्होची लाल तार आर्डुइनोच्या पाच व्होल्ट पिनेला देऊ नका. छोटा एसजी९० सुद्धा अडकल्यावर अर्ध्या ॲम्पिअरच्या पुढे जातो. त्याला वेगळा पाच व्होल्टचा कन्व्हर्टर द्या, ग्राउंड समाईक ठेवा.

गोंगाट दाबण्यासाठी

मोटारीच्या ब्रशांवर सतत बारीक ठिणग्या पडत असतात आणि त्या तारांवाटे व हवेतून सगळीकडे पोहोचतात. प्रत्येक मोटारीच्या दोन टोकांमध्ये १०० नॅनोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर थेट मोटारीवरच सोल्डर करा. ड्रायव्हरजवळ लावून तेवढा फायदा होत नाही, कारण मधली तार तोवर ॲंटेनाचं काम करते. ड्रायव्हरच्या सप्लाय टर्मिनलवर ४७० ते १००० मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलिटिक लावा. त्याचं धन-ऋण नीट बघा आणि त्याच्यावर छापलेलं व्होल्टेज बॅटरीच्या दीडपट तरी असू द्या. उलटा लावलेला इलेक्ट्रोलिटिक फुटतो. शार्पच्या सेन्सरजवळ त्याच्या सप्लायवर १० मायक्रोफॅरड किंवा जास्त हवाच, तो करंट झटक्यांनी घेतो.

मोटारीच्या दोन तारा एकमेकींना पीळ घालून न्या. सेन्सरच्या तारा त्यांच्यापासून लांब ठेवा, ओलांडायच्याच असतील तर काटकोनात ओलांडा. सगळ्या तारा एका टायमध्ये घट्ट बांधलेला रोबो दिसायला नीटनेटका असतो, पण सेन्सरच्या दृष्टीने ती सगळ्यात वाईट मांडणी आहे.

कोडमध्ये एक बदल मात्र इथे खरंच उपयोगी पडतो: मोटारींचा वेग शून्यावरून एकदम पूर्ण न नेता काही दशांश सेकंदांत चढवत न्या, आणि दिशा उलटण्याआधी क्षणभर थांबा. झटका बराच कमी होतो.

पाच आणि ३.३ व्होल्टचं जमत नाही तेव्हा

एचसी-एसआर०४ ची एको पिन (उत्तराचा सिग्नल देणारी) पाच व्होल्ट देते. उनोला ते चालतं. ईएसपी३२ किंवा रास्पबेरी पाय यांच्या पिना ३.३ व्होल्टच्या आहेत. तिथे एको थेट जोडू नका, १ किलोओहम आणि २ किलोओहमची विभागणी लावा. एको १ किलोओहममधून पिनेला, पिनेपासून २ किलोओहम ग्राउंडला. पाचाचे ३.३ होतात. सुरुवातीला थेट जोडूनही चालतं, म्हणून हा नियम कुणी गांभीर्याने घेत नाही. पिन मात्र हळूहळू निकामी होते आणि तेव्हा कारण कुणालाच आठवत नाही.

आय-टू-सी वर उलट दिशेची अडचण असते. उनोला एसडीए आणि एससीएल वर 'उच्च' मानायला सप्लायच्या ७० टक्के, म्हणजे ३.५ व्होल्ट लागतात. ३.३ व्होल्टला खेचलेला सेन्सर त्या रेषेच्या थोडा खालीच राहतो. तो बहुतेक वेळा चालतो, आणि 'बहुतेक वेळा' हाच इथला रोग आहे. मधे लेव्हल कन्व्हर्टर लावा.

आय-टू-सी वर प्रत्येक सेन्सरला वेगळा पत्ता लागतो. एमपीयू६०५० या जायरोचा पत्ता ०एक्स६८ असतो, एडी० पिन उच्च केली की ०एक्स६९. दोन लावायचे असतील तर एकाची एडी० पिन वर खेचा. व्हीएल५३एल०एक्स हे लेझर अंतर सेन्सर मात्र सगळे ०एक्स२९ वरच उठतात. एक्सशट पिनेने बाकीचे झोपवून एकेकाला उठवायचं आणि नवा पत्ता द्यायचा, हे दर वेळी सप्लाय दिल्यावर करावं लागतं. काही सापडतच नसेल तर लायब्ररीत शिरण्याआधी आय-टू-सी स्कॅनर (बसवर कोणते पत्ते उत्तर देतात ते छापणारा छोटा प्रोग्रॅम) चालवा. स्कॅनरला पत्ता दिसत नसेल तर दोष बहुधा जोडणीत आहे.

बरीच मॉड्यूल एकाच बसवर लावली की प्रत्येकावरचे ४.७ किलोओहमचे पुलअप समांतर येतात. पाच मॉड्यूल म्हणजे सुमारे ९४० ओहम. पाच व्होल्टला हा ५ मिलिॲम्पिअरहून जास्त करंट होतो, आणि आय-टू-सी चे सामान्य सेन्सर ३ मिलिॲम्पिअर खाली खेचण्यासाठी बनवलेले असतात. दोन मॉड्यूलवरचे पुलअप ठेवून बाकीचे काढा. आणि ही बस मुळात एकाच बोर्डावरच्या चिपांसाठी आखलेली आहे. रोबोच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, तेही मोटारींच्या बाजूने तिच्या तारा न्यायच्या असतील तर वेग १०० किलोहर्ट्झवरच ठेवा. मोटारीच्या झटक्याने मधेच घड्याळाचा ठोका हुकला तर सेन्सर एसडीए खाली धरून बसतो आणि प्रोग्रॅम वाट बघत अडकतो. वायर लायब्ररीत टाइमआउट ठेवायची सोय आहे, ती वापरा. पण तो मलमपट्टीचा उपाय झाला, झटका बंद करणं हा खरा.

वायरिंगचा वाटतो पण वायरिंगचा नसतो

एचसी-एसआर०४ ला उत्तर आलं नाही की पल्सइन (एको पिनेवरचा वेळ मोजणारं आर्डुइनोचं फंक्शन) शून्य परत देतं. 'अंतर १५ पेक्षा कमी तर थांब' एवढंच लिहिलं असेल तर शून्यालाही रोबो थांबतो. शून्य वेगळं हाताळा. पल्सइनची वाट बघण्याची मुदत न दिल्यास ती एक सेकंद असते. ३०००० मायक्रोसेकंद दिले तर पाच मीटरपर्यंतचा आवाज परत यायला वेळ मिळतो, तेवढा पुरे. दोन सेन्सर असतील तर एकदम आवाज सोडू नका, दोन आवाजांत ६० मिलिसेकंद जाऊ द्या, नाहीतर एकाचा प्रतिध्वनी दुसरा ऐकतो.

सर्व्हो लायब्ररी घेतली की उनोच्या ९ आणि १० पिनांवरचं पीडब्ल्यूएम (मोटारीचा वेग ठरवणारे झटपट चालू-बंद सिग्नल) बंद होतं. त्या पिनांवर मोटारीचा वेग असेल तर एक चाक अचानक पूर्ण वेगात किंवा ठप्प. ईएसपी३२ वर वाय-फाय चालू असताना दुसऱ्या एडीसीच्या (व्होल्टेजचा आकडा करणाऱ्या भागाच्या) पिना ॲनालॉग वाचत नाहीत. ॲनालॉग सेन्सर ३२ ते ३९ यांपैकी पिनांवर घ्या.

इन्फ्रारेड लाइन सेन्सर वर्गात चालतो आणि खिडकीजवळ फसतो, कारण सूर्यप्रकाशात इन्फ्रारेड भरपूर असतं. टीसीआरटी५००० हा असा सेन्सर पृष्ठभागापासून अडीच मिलिमीटरच्या आसपास सगळ्यात चांगलं काम करतो. तो दोन सेंटीमीटर वर टांगला तर बाहेरचा प्रकाश जास्त आणि स्वतःचा कमी दिसतो. खाली आणा, भोवती काळ्या कागदाचा आडोसा करा, आणि उंबरठा ज्या जागेवर रोबो पळणार आहे तिथल्या उजेडातच ठरवा. त्याचा इन्फ्रारेड दिवा लागतो की नाही हे फोनच्या कॅमेऱ्यातून बघता येतं, फिकट जांभळा ठिपका दिसतो. एखाद्या कॅमेऱ्यात फिल्टर कडक असतो, तेव्हा दुसऱ्या कॅमेऱ्याने बघून मगच निष्कर्ष काढा.

अधूनमधून येणारा दोष पकडण्यासाठी

दोष रोबो पळतानाच येतो, तेव्हा संगणक जोडलेला नसतो. म्हणून कोडमध्ये अशक्य वाचन ओळखायला लावा: दोन वाचनांमध्ये अंतर एक मीटरने बदललं, जायरोकडून उत्तरच आलं नाही, असं काही. असं घडताच १३ नंबरच्या पिनेवरचा दिवा लावून तसाच ठेवा, बझर असेल तर वाजवा. मग रोबो ठोकळ्यावर ठेवून एकेक तार बोटाने हलकेच हलवा, एकेक कनेक्टर दाबा. ज्या तारेला हात लावल्यावर दिवा लागेल ती दोषी. मोटारी चालू ठेवून तीच चाचणी परत करा, थरथरीनेच सुटणारी जोडणी तेव्हा सापडते. सापडलेल्या जागी सोल्डर करा, किंवा स्क्रू टर्मिनल वापरा. तार आपल्या वजनाने सोल्डरवर लोंबकळू नये म्हणून जवळच बॉडीला बांधा. गरम गोंद तार हलू नये यासाठी चांगला, पण सैल जोडणी त्याने पक्की होत नाही, नुसती झाकली जाते.

एवढ्यानंतरही सेन्सरवरच संशय उरत असेल तर डावा आणि उजवा सेन्सर अदलाबदल करा. तारा आणि पिना तिथेच राहू द्या, फक्त सेन्सर बदला. दोष सेन्सरबरोबर दुसऱ्या बाजूला गेला तर सेन्सर खराब. जिथल्या तिथे राहिला तर तार, पिन किंवा सप्लाय, आणि नवा सेन्सर लावूनही तो तसाच राहील. सेन्सर खरोखर गेला असेल, तर नवा जोडण्याआधी त्याच्या जागेवरच्या तीन-चार तारांवर मल्टिमीटर ठेवा: सप्लाय उलटा आलाय का, ३.३ च्या जागी पाच येतायत का.